टपालहंशील निराळे: पार्सलाच्या खर्चाच्या हिशेबाचा इतिहास

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने वस्तू निवडली, पत्ता भरला आणि सहा आकडी पिनकोड टाकला की पाठवणीचा खर्च क्षणार्धात पडद्यावर उमटतो, आणि तो यंत्राने काढलेला असल्यामुळे त्यामागे निव्वळ अंकगणित असावे असा समज सहज होतो. वास्तविक त्या आकड्यात वजनाचे टप्पे, अंतराचे पट्टे, खोक्याचे आकारमान, मालाची किंमत आणि दारात पैसे घेण्याची सोय असे जे घटक मिसळलेले असतात, त्यांपैकी एकही संगणकाने जन्माला घातलेला नाही. ते सारे गेल्या दोन-अडीचशे वर्षांत टपालखाती, रेल्वे कंपन्या आणि खासगी वाहतूकदार यांच्या दरपत्रकांतून आलेले आहेत. या दरपत्रकांचा इतिहास मुख्यतः एका वादाचा इतिहास आहे: माल दूर न्यायला जो जादा खर्च येतो तो दूर राहणाऱ्याकडूनच घ्यावा, की सर्वांवर सारखा वाटून टाकावा. हा वाद जेव्हा जेव्हा एका बाजूला झुकला, तेव्हा हिशेब करण्यास लागणारे श्रम हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि संगणकाचे खरे कर्तृत्व त्या श्रमांचे मोल जवळजवळ शून्यावर आणण्यात आहे.

रेल्वेपूर्व काळातील दख्खनमध्ये व्यापाऱ्याला माल परगावी पाठवायचा असला की खर्चाचा आगाऊ अंदाज बांधणे कठीण असे, कारण बैलांचे भाडे, घाटातील वाट, पावसाळा आणि चोराचिलटांचे भय यांखेरीज वाटेतील प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागे आणि तिचे दर नाक्यागणिक वेगळे असत. ही अनिश्चितता स्वतःच्या शिरावर घेणारा मध्यस्थ म्हणजे हुंडेकरी. तो एकरकमी ठराव करी आणि त्या रकमेत भाडे, वाटेतील जकाती व माल ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी हे सारे आले असे मानले जाई. वाटेत खर्च कमी झाला तर फायदा त्याचा आणि जास्त झाला तर तोटाही त्याचाच. व्यापाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि त्या आकड्यामागची गुंतागुंत दुसऱ्या कोणी सांभाळावी असे त्याला वाटते, ही गोष्ट त्या काळीही तितकीच खरी होती. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती १८३० च्या दशकाच्या अखेरीस उठल्यावर हुंडेकऱ्याच्या धंद्यातील जोखमीचा मोठा भाग नाहीसा झाला, आणि रेल्वे आल्यावर उरलेलाही बराचसा गेला. आज महाराष्ट्रात ही संज्ञा बहुतेकांना आडनाव म्हणूनच ठाऊक आहे.

सरकारी टपालाने मात्र आरंभापासून अंतर मोजण्याचा मार्ग धरला होता. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, १७७४ साली, ईस्ट इंडिया कंपनीची डाक सामान्य लोकांना खुली झाली तेव्हा दर शंभर मैलांना दोन आणे असा पत्राचा दर ठरला आणि त्यासाठी दोन आण्यांची तांब्याची खास नाणी पाडण्यात आली. पुढे १८३७ च्या टपाल कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे आला. त्या वेळच्या दरांप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईस जाणाऱ्या पत्राला दर तोळ्यास एक रुपया आणि आग्र्यास जाणाऱ्याला बारा आणे पडत. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, म्हणजे आजच्या दोन-अडीच कागदांच्या वजनाला एक रुपया, आणि तोही अशा काळात की जेव्हा महिन्याकाठी चार-पाच रुपयांवर मजुराचे घर चाले. शिवाय प्रत्येक पत्राच्या वेळी कारकुनाला मुक्कामाचे अंतर तक्त्यात पाहावे लागे, वजन करावे लागे, दोहोंचा मेळ घालून आकारणी लिहावी लागे आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत असल्याने त्याची नोंद दोन्ही टोकांना ठेवावी लागे.

इंग्लंडमध्ये हीच रीत याहूनही किचकट होती, कारण तेथे अंतरासोबत कागदांची संख्या मोजली जाई. पाकीट न वापरता कागद घडी घालून पाठवण्याची चाल असल्याने आत एक कागद आहे की दोन हे ओळखण्यासाठी कारकून पत्र मेणबत्तीसमोर धरून पाहत. रोलंड हिल यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या टपालसुधारणेवरील पुस्तिकेत या खर्चाची उकल केली आणि लंडनहून एडिनबरोला एक पत्र वाहून नेण्याचा निव्वळ खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका आहे असे दाखवले. खर्च होतो तो आकारणी करण्यात, नोंदी ठेवण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा अंतर मोजणेच सोडून द्यावे, सर्वत्र एकच दर ठेवावा आणि तो पाठवणाऱ्याने तिकिटाच्या रूपाने आधीच भरावा. १० जानेवारी १८४० पासून अर्धा औंस वजनापर्यंतच्या पत्रासाठी ब्रिटनभर एक पेनी हा दर लागू झाला. पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली हिल यांच्या या युक्तिवादात आहे: अंतर दरातून वगळले गेले ते न्यायबुद्धीने कमी आणि हिशेब परवडत नाही म्हणून अधिक.

लॉर्ड डलहौसीच्या काळात हिंदुस्थानने हाच मार्ग स्वीकारला. १८५० साली नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाच्या शिफारशींवरून १८५४ चा कायदा झाला, सगळ्या इलाख्यांची टपालखाती एका महासंचालकाच्या हाताखाली आली, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर, ते पत्र शेजारच्या गावी जावो की पेशावरला, सर्वत्र एकच झाला. पण ही उदारता पत्रांपुरती होती. पार्सले नेणारे बंगी टपाल वेगळे होते. बंगी म्हणजे खांद्यावरची बांबूची कावड, जिच्या दोन टोकांना पेट्या किंवा टोपल्या लोंबत आणि जी घेऊन भोई टप्प्याटप्प्याने पळत. या टपालात एका पार्सलाची मर्यादा ६०० तोळे, म्हणजे सुमारे सात किलो होती, आणि त्याची आकारणी वजन व अंतर या दोन्हींवर चालू राहिली. पत्राच्या बाबतीत हिल यांचे गणित खरे ठरत असले तरी माणसाच्या खांद्यावरून जाणाऱ्या सात किलोंच्या बाबतीत ते लागू पडणे शक्य नव्हते, कारण तेथे वाहतूक हाच खरा खर्च होता. रेल्वेने तो खर्च उतरवल्यावर पार्सलाचे दरही अंतरापासून सुटे झाले आणि देशांतर्गत टपाल पार्सल केवळ वजनावर आकारले जाऊ लागले.

या एकसारख्या दराचा लाभ ज्यांना झाला त्यांत मराठी प्रकाशक, औषधी कारखानदार आणि नियतकालिकांचे चालक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी वर्तमानपत्रांतील जाहिरातींत किमतीपुढे 'टपालहंशील निराळे', म्हणजे टपालाचा खर्च वेगळा, किंवा नुसते 'ट. ह.' आणि पुढे इतके आणे असा मजकूर सर्रास आढळतो. पुण्याच्या पुस्तकविक्रेत्याला तो आकडा एकदाच काढून छापता येई, कारण पुस्तकाचे वजन बदलत नसे आणि गिऱ्हाईक वसईचे की वऱ्हाडातले याने दरात फरक पडत नसे. अंतरावर आकारणी असती तर एवढ्याशा जाहिरातीत तक्ता छापावा लागला असता, आणि टपालाने माल मागवण्याचा धंदा खेड्यापाड्यांत जितका पसरला तितका पसरला नसता. १८७७ साली टपालखात्याने त्याला आणखी एक आधार दिला तो व्ही.पी.चा, म्हणजे पार्सल देताना पोस्टमनने मालाची किंमत घेऊन ती पाठवणाऱ्याकडे पोचती करण्याच्या सोयीचा. न पाहिलेल्या दुकानदाराला आगाऊ पैसे पाठवण्याची भीती त्यामुळे गेली. मात्र जोखीम नाहीशी न होता दुकानदाराकडे सरकली, कारण गिऱ्हाइकाने व्ही.पी. सोडवून घेतली नाही तर जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या माथी बसे. वर्गणीदारांनी परत पाठवलेल्या व्ही.पी. ही मराठी मासिकांच्या संपादकांची जुनी व्यथा आहे.

रेल्वेचे तत्त्व आणखी निराळे होते. तिच्या मालभाड्याच्या दरपत्रकात वस्तूंचे वर्ग पाडलेले असत आणि तेवढ्याच वजनाच्या कोळशाला कमी, तर कापडाला जास्त भाडे लागे. मालाच्या किमतीला जितके भाडे सोसवेल तितके आकारावे हे त्यामागचे सूत्र. मुंबईच्या झवेरी बाजारातील आंगडिया, म्हणजे हिरे, दागिने व रोकड विश्वासावर पोचवणारे गुजराती दूत, याच तत्त्वाच्या टोकाला उभे आहेत, कारण त्यांच्या लेखी वजन गौण आणि मालाची किंमत मुख्य असते.

पार्सलाच्या अंतराचा प्रश्न विसाव्या शतकात सर्वांत पद्धतशीरपणे कोणी सोडवला असेल तर तो अमेरिकेने. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १८८३ रोजी अंतर्गत पार्सल टपाल सुरू झाले ते सपाट दराने. देश लहान होता आणि रेल्वे कंपन्यांना टपालउत्पन्नाचा ठरावीक वाटा देऊन भागत होते. अमेरिकेसारख्या खंडप्राय देशात सपाट दर ठेवला असता तर जवळचे सगळे पार्सल खासगी एक्स्प्रेस कंपन्यांनी स्वस्तात उचलले असते आणि सरकारी टपालाच्या वाट्याला केवळ दूरचे, तोट्याचे ओझे उरले असते. म्हणून १९१२ च्या कायद्याने सगळ्या देशावर अक्षांश-रेखांशांचे जाळे टाकले आणि अर्धा अंश लांबी-रुंदीचा एकेक चौकोन हे आकारणीचे एकक ठरवले. चौकोनाच्या मध्यापासून सुमारे ५० मैलांच्या आतला पहिला पट्टा, १५० मैलांपर्यंतचा दुसरा, मग ३००, ६००, १,०००, १,४०० आणि १,८०० मैल, आणि त्यापलीकडचा सारा प्रदेश आठवा पट्टा, अशी ही रचना १ जानेवारी १९१३ पासून अमलात आली. हजारो पोस्ट ऑफिसांमधील प्रत्येक जोडीचे अंतर काढण्याऐवजी चौकोनांच्या जोड्या पुरे होत, आणि पोस्टमास्तराला आपल्या चौकोनाचा नकाशा व वजनाचा तक्ता एवढ्या दोनच गोष्टी पाहाव्या लागत. गणित एकदा वॉशिंग्टनमध्ये करून ठेवायचे आणि खिडकीवर नुसते उत्तर शोधायचे, ही युक्ती पुढे संगणकाच्या कार्यक्रमांत जशीच्या तशी उतरली. अमेरिकी टपालाच्या आजच्या पट्ट्यांचे मूळही तेथेच आहे.

परंतु नकाशावरचे सरळ अंतर आणि मालाला प्रत्यक्ष पडणारी वाट यांत किती तफावत असू शकते, हे १९१६ साली युटा राज्यातील व्हर्नल या गावी उघड झाले. तेथे बँकेची इमारत बांधायची होती आणि विटा सॉल्ट लेक सिटीहून आणायच्या होत्या. सरळ रेषेत दोन्ही गावे दुसऱ्या पट्ट्याच्या आत बसत, पण मध्ये डोंगर असल्यामुळे मालाला आधी रेल्वेने कोलोरॅडो राज्यात, तेथून अरुंद मापाच्या रेल्वेने आणि शेवटी रस्त्याने असा चारशेहून अधिक मैलांचा वळसा पडे. मालवाहतुकीचे भाडे त्या वळशावर आकारले जाई, टपालाचे मात्र सरळ रेषेवर. साहजिकच बांधणाऱ्यांनी हजारो विटा पन्नास-पन्नास पौंडांच्या पुडक्यांत बांधून चक्क पार्सल टपालाने मागवल्या. टपालखात्याला मिळाले दुसऱ्या पट्ट्याचे हंशील आणि भरावे लागले चारशे मैलांचे भाडे. अखेर एका पाठवणाऱ्याकडून एका घेणाऱ्याला दिवसाकाठी २०० पौंडांहून अधिक पार्सल स्वीकारू नये असा नियम करावा लागला. दरपत्रकात फट राहिली की धंदेवाईक माणूस ती हेरतो आणि मग ती बुजवण्यासाठी नवे कलम जोडले जाते. आजच्या कुरिअर कंपन्यांच्या अटींची लांबच लांब यादी अशाच विटांनी रचलेली आहे.

भारतात अंतर पुन्हा हिशेबात येण्यापूर्वी ठिकाण आकड्यांत सांगण्याची सोय व्हावी लागली, आणि ती झाली ती मात्र दराशी काही संबंध नसताना. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, ज्यांची दुसरी ओळख संस्कृत कवी आणि नाटककार अशी आहे, यांनी आखलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते, दुर्बोध अक्षर आणि एकाच नावाची असंख्य गावे यांमुळे पत्रे चुकीच्या जागी जात. एका महाराष्ट्रातच किती वडगावे आणि पिंपळगावे आहेत याचा विचार केला तर ही अडचण लक्षात येते. वेलणकरांनी देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि लष्करी टपालाचा नववा अशी विभागणी केली. पहिला आकडा विभागाचा. त्यात ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचे छत्तीसगड यांचा. पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो, म्हणून ४११ म्हटले की पुणे, ४०३ म्हटले की गोवा. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसाचे. पत्रांचे गठ्ठे खणांत टाकणाऱ्या वर्गवारी कारकुनासाठी केलेली ही योजना होती. तीस-पस्तीस वर्षांनी जेव्हा दुकाने संगणकावर गेली, तेव्हा यंत्राला वाचता येईल असा, देशाच्या कानाकोपऱ्याला लागू असणारा आणि सामान्य माणसाला पाठ असलेला पत्त्याचा एकमेव भाग तोच होता, आणि त्यामुळे तो आपोआप दराची किल्ली होऊन बसला. या कामासाठी तो सर्वस्वी योग्य आहे असे नाही. शहरात एका पिनकोडाखाली चार-दोन पेठा येतात, तर डोंगरी तालुक्यात अनेक वाड्यावस्त्या, आणि त्या दोन्हींना पोचवण्याचा खर्च एकच धरणे हे कारकुनी सोयीचे असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही.

१ ऑगस्ट १९८६ रोजी टपालखात्याने स्पीड पोस्ट सुरू केले, ते मुख्यतः खासगी कुरिअर कंपन्यांना उत्तर म्हणून; मुंबईत निघालेल्या ब्लू डार्टसारख्या कंपन्या तोवर शहरांमधील घाईचा माल नेऊ लागल्या होत्या. स्पीड पोस्टाच्या दरात अंतराचे पट्टे पुन्हा ठळकपणे आले. २०१२ पासून २०२५ पर्यंत चाललेल्या दरपत्रकात स्थानिक, २०० किलोमीटरपर्यंत, १,००० पर्यंत, २,००० पर्यंत आणि त्यापुढे असे पाच रकाने होते. पुण्याहून ८०० ग्रॅम वजनाचे पुस्तकांचे पुडके पाठवायचे झाल्यास ते प्रथम ५०० ग्रॅम आणि पुढचा ५०० ग्रॅमचा एक टप्पा अशा दोन हिश्श्यांत आकारले जाई, कारण टप्प्याचा अंश उरला तरी पूर्ण टप्पा धरला जातो. त्यानुसार पुण्यातल्या पुण्यात ३० आणि १० मिळून ४० रुपये, मुंबईस ५० आणि १५ मिळून ६५, नागपुरास ६० आणि ३० मिळून ९०, दिल्लीस ८० आणि ४० मिळून १२०, आणि दिब्रुगडला ९० आणि ५० मिळून १४० रुपये होत, आणि त्यावर कर निराळा. मुंबईहून बाराशे मैलांवरच्या कलकत्त्याला आणि शेजारच्या गावाला एकाच अर्ध्या आण्यात पत्र पाठवणाऱ्या डलहौसीच्या टपालापासून हा प्रवास बराच दूरचा आहे. खासगी कंपन्यांनी किलोमीटरही सोडले आणि एकाच शहरात, एकाच राज्यात किंवा विभागात, महानगर ते महानगर, उर्वरित भारत, आणि ईशान्येकडील राज्ये व जम्मू-काश्मीर, असे व्यवहारी पट्टे पाडले. त्यांच्या हिशेबी मुंबई-दिल्ली हे अंतर मुंबई आणि एखादे दुर्गम तालुक्याचे गाव यांच्यातील अंतरापेक्षा कमी असू शकते, कारण विमाने महानगरांमध्ये उडतात.

विमानांनीच दरपत्रकात आणखी एक माप आणले. विमानाच्या पोटात जागा आधी संपते आणि वजनाची मर्यादा पुष्कळदा नंतर येते, म्हणून हलका पण फुगीर माल वजनावर नेणे तोट्याचे ठरते. यावर आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक क्षेत्राने तोड काढली ती आकारमानावरून काढलेल्या वजनाची, ज्याला धंद्यात व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचे, आणि येणारी संख्या किलो समजून प्रत्यक्ष वजनाशी तुलना करायची, दोहोंत जे जास्त त्यावर आकारणी. कुरिअर कंपन्यांत पुढे ५,००० हा भाजक रूढ झाला, आणि भाजक लहान झाला की वजन वाढते हे सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास पुणे-मुंबईहून अमेरिका, इंग्लंड किंवा आखातात राहणाऱ्या मुलाबाळांना फराळ पाठवणाऱ्या मराठी कुटुंबांना हे गणित चांगलेच परिचित झाले आहे. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ उंच खोक्याचे घनफळ ३०,००० घन सेंटिमीटर होते. ५,००० ने भागल्यास ते सहा किलोंचे ठरते, ६,००० ने भागल्यास पाच. त्यात चिवडा, चकली आणि अनारसे भरले तर प्रत्यक्षात चार किलोंच्या आसपास भरतात आणि पैसे सहा किलोंचे द्यावे लागतात. तेच खोके बेसनाच्या लाडवांनी गच्च भरले तर प्रत्यक्ष वजनच पुढे जाते. चकली मोडू नये म्हणून घातलेला कागद आणि हवा यांचेही भाडे लागते, हे पहिल्यांदा पाठवणाऱ्याला काउंटरवरच कळते. जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांना ही पद्धत सरसकट लागू झाली ती बरीच उशिरा. फेडेक्सने १ जानेवारी २०१५ पासून आणि यूपीएसने त्याच्या दोन-तीन दिवस आधी अमेरिकेत लहान खोक्यांनाही ती लावली, आणि हा बदल ऑनलाइन दुकानांतून निघणाऱ्या अर्ध्या रिकाम्या खोक्यांच्या लोंढ्यामुळेच झाला.

अशा रीतीने वजन, पट्टा, आकारमान, किंमत आणि वसुली हे सारे जमा झाल्यावर हातांनी हिशेब करणे दुकानदाराच्या आवाक्याबाहेर गेले आणि स्वयंचलित आकारणीची गरज निर्माण झाली. २०११ साली आलेल्या वूकॉमर्ससारख्या दुकान चालवण्याच्या प्रणालींत त्याच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली सपाट दराची, जी 'ट. ह. चार आणे' याच परंपरेतील आहे. दुसरी तक्त्याची, ज्यात दुकानदार स्वतःच वजन आणि पिनकोडांचे गट भरून ठेवतो, म्हणजे १९१३ च्या पोस्टमास्तराचे काम यंत्रावर सोपवतो. तिसरी थेट विचारणेची: गिऱ्हाइकाने पिनकोड टाकताच दुकानाची प्रणाली कुरिअर कंपनीच्या संगणकाला एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रणालीने दुसरीला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारून ठरलेल्या साच्यात उत्तर घेण्याच्या सोयीमार्फत, कोठून, कोठे, किती वजन, किती आकार हे कळवते आणि त्या घडीचा दर परत मिळवते. एकाच वेळी अनेक कंपन्यांना विचारून स्वस्त कोण ते निवडणारे मध्यस्थही भारतात आता भरपूर आहेत. विक्रेत्याला ते एक आकडा देतात आणि मागची गुंतागुंत स्वतः सांभाळतात, म्हणजे काम बव्हंशी हुंडेकऱ्याचेच करतात, फक्त जोखीम त्याच्याइतकी घेत नाहीत.

या यंत्रणेची अडचण गुणाकार-भागाकारात नसून तिला पुरवल्या जाणाऱ्या माहितीत असते. गिऱ्हाइकाने तीन पुस्तके, एक फुलदाणी आणि एक सतरंजी मागवली तर ती कोणत्या खोक्यात कशी बसतील हे ठरल्याखेरीज आकारमान कळत नाही, आणि वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू कमीत कमी खोक्यांत बसवण्याचा प्रश्न गणितात कठीण प्रश्नांत गणला जातो. वस्तू वाढत गेल्या की अचूक उत्तर शोधण्याचा वेळ आवाक्याबाहेर वाढतो, म्हणून प्रणाली अदमासावर भागवतात. गोदामातला बांधणी करणारा अनुभवी माणूस तोच प्रश्न नजरेने सोडवतो, पण त्याचे उत्तर पैसे भरून झाल्यानंतर मिळते. मग कुरिअरच्या केंद्रात यंत्र खोके पुन्हा मोजते, विक्रेत्याने लिहिलेले वजन आणि यंत्राने काढलेले वजन जुळत नाही, आणि फरकाची रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून कापली जाते. वजनाच्या तफावतीचे हे तंटे लहान विक्रेत्यांची आज सर्वांत मोठी डोकेदुखी आहेत. फ्लिपकार्टने २०१० साली सुरू केलेली माल हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत ही व्ही.पी.चीच नवी आवृत्ती, आणि तिच्यासोबत व्ही.पी.ची जुनी व्यथाही आली. न स्वीकारलेले पार्सल मूळ ठिकाणी परत येण्याला धंद्यात आरटीओ म्हणतात, ज्याचा परिवहन कार्यालयाशी काही संबंध नसला तरी विक्रेते त्या नावाला तितकेच धास्तावतात. हिशेब करणारे यंत्र हे परतीचे भाडे आगाऊ दाखवत नाही.

गंमत अशी की हा सगळा सूक्ष्म हिशेब शक्य झाला त्याच काळात तो गिऱ्हाइकापासून लपवण्याचीही चढाओढ लागली. अॅमेझॉनने अमेरिकेत २००२ साली ठरावीक रकमेवरील खरेदीला मोफत पाठवणी देऊ केली आणि २००५ मध्ये वर्षाला ७९ डॉलर भरणाऱ्याला प्राइम योजनेखाली दोन दिवसांत मोफत पोचवण्याची हमी दिली. मोफत म्हणजे अर्थातच खर्च किमतीत किंवा वर्गणीत मुरवलेला. मोठ्या दुकानाला ते जमते, कारण त्याच्याकडे सरासरी काढण्याइतकी पार्सले असतात, आणि छोट्याला जमत नाही. फ्रान्समध्ये हा प्रश्न संसदेपर्यंत गेला. पुस्तकांची पाठवणी मोफत करण्यास २०१४ च्या कायद्याने मनाई केल्यावर मोठ्या दुकानांनी एक सेंट आकारून कायद्याची अक्षरशः पूर्तता केली. तेव्हा २०२१ मध्ये नवा कायदा झाला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालील नव्या पुस्तकांच्या मागणीवर किमान तीन युरो पाठवणीखर्च घेणे तेथे बंधनकारक आहे. हिल यांना जे हंशील कमीत कमी करायचे होते ते आता कायद्याने किमान ठरवून द्यावे लागते, हा काळाचा फेरा पाहण्याजोगा आहे.

हिल यांनी अंतर सोडले ते मोजणे महाग होते म्हणून. मोजणे फुकट झाल्यावर ते परत आले, आणि त्याचा भार गडचिरोली, सिंधुदुर्ग किंवा ईशान्येकडील गिऱ्हाइकावर आणि तेथून माल पाठवू पाहणाऱ्या लहान विक्रेत्यावर पडला. ज्याच्या मालाची किंमत शंभर रुपये आणि पाठवणी नव्वद, त्याच्यासाठी अचूक हिशेब हा न्याय नसून बाजारातून बाहेर पडण्याची सूचना आहे. येथे सपाट दराचे जुने तत्त्व अधिक शहाणपणाचे होते असेच म्हणावे लागते. भारतीय टपालखात्याने ते सर्वस्वी टाकलेले नाही. शैक्षणिक आणि इतर पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्टात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोंपर्यंत १०० रुपये, कर निराळा, असा दर आहे, आणि त्या दरपत्रकात अंतराचा रकाना नाही.